शुद्धिपत्राखालचं अक्षर

"गौराक्का, तांदूळ, मीठ, तेल आणि साबण. बाजारातनं चार जिन्नस आणलेत. इंग्रजीत लिहिताना तांदूळ आणि मिठाच्या मध्ये काय टाकाल?"

जोशीलकर सरांनी पुस्तक माझ्यापुढं दगडावर उघडं ठेवलं होतं. दगड म्हणजे आमच्या छापखान्यातली घोटीव कडाप्पा फरशी. जुळवलेली पानं तिच्यावर ठेवून आवळायची.

"कॉमा," मी म्हटलं. "तिसरीच शिकल्येय सर, पण एवढं कळतंय मला."

"मग हे काय टाकलंय?"

मी पुस्तक उचलून दाराच्या उजेडाकडं नेलं. मे महिन्याचं ऊन होतं, तरी मी पान थोडं तिरकं धरलं.

"सेमीकोलन," सरच म्हणाले. "तांदूळ, सेमीकोलन, मीठ. पान एक्केचाळीस. खाली अजून एक आहे. पलीकडच्या पानावर तीन. आणि धडा कसला? कॉमा कुठं द्यायचा अन् सेमीकोलन कुठं, ह्याचाच. दहावीची पोरं हेच पाठ करतील की हो."

ओरडले असते तर मी दोन शब्द वर ऐकवले असते. सर ओरडले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. त्यांचं पहिलं पुस्तक होतं ते. हजार प्रती शिवून कोपऱ्यात रचलेल्या होत्या.

हे गडहिंग्लजचं, चौऱ्याऐंशी सालचं. मालक, म्हणजे माझे यजमान, जाऊन तेवीस वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस छापखाना काय चालवणार, यंत्र विका आणि भावाकडं जावा. मी भावाकडं गेले नाही. मालकांच्या हाताखाली खिळे जुळवायला शिकले होते, तेच करत राहिले. शिशाचा एकेक खिळा, त्याच्या डोक्यावर एकेक उलटं अक्षर. केस म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी, तिच्यात प्रत्येक अक्षराला आपला खण. मजकूर बघायचा, खणातनं खिळा उचलायचा, ओळ लावायची. इंग्रजीचा एक शब्द मला कळत नव्हता, पण सव्वीस अक्षरं आणि सगळी चिन्हं बोटांना पाठ होती. कोर्टातले वकील म्हणायचे, गौराक्कांच्या इंग्रजीत चूक सापडत नाही. मी म्हणायची, वकिलांच्या सापडतात, त्या मी तशाच ठेवते.

छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात सोडायचे. हे सगळ्यात किचकट. जुळवताना चूक झाली तर एक ओळ बिघडते. सोडताना चूक झाली तर खण बिघडतो, आणि पुढं कुठल्या पानात काय निघेल ते सांगता येत नाही. कॉमा आणि सेमीकोलन तर शेजारच्याच खणातले, सारख्याच जाडीचे, सारख्याच शेपटीचे. एकाच्या डोक्यावर बारीक टिंब जास्त, एवढाच फरक. मी ते टिंब बोटाच्या टोकानं ओळखायची. बघायची सुद्धा नाही.

"महांतेश," मी मुलाला हाक मारली. तो मागं पायानं चालवायच्या ट्रेडलवर लग्नपत्रिका छापत होता. "पाय थांबव. आणि नीलाला बोलाव."

नीला माझी सून. नीलांबिका. संकेश्वरच्या मास्तरांची मुलगी, बेळगावात इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. ती घरात आली तेव्हा मी म्हटलं होतं, डिग्री खुंटीला लाव आणि हात काळे कर. तिनं खरंच केले. सहा महिन्यांत माझ्या बरोबरीनं जुळवायला लागली. फरक एवढाच, मला चिन्ह कुठं आहे ते कळायचं, तिला ते का आहे ते कळायचं. आणि ते सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. एकदा मला, म्हणजे तिच्या आत्तीला, असंच समजावत होती.

"कॉमा म्हणजे आत्ती, चालता चालता पदर सावरायला थांबावं तेवढंच थांबणं. आणि कोलन म्हणजे दारात उभं राहून सांगणं, की मागनं पाहुणे येताहेत. कोलन दिला की पुढं यादी आली पाहिजे, नाहीतर खुलासा तरी. नुसता दिला तर दार उघडून बघावं आणि कोणीच नसावं, तसं होतं."

"आणि हे टिंबवालं?"

"सेमीकोलनला दोन्हीकडं पुरी वाक्यं लागतात. एकटं उभं राहील असं प्रत्येक. नुसत्या कॉमानं ती सांधत नाहीत, आणि पूर्णविराम दिला तर लांब जातात."

"म्हणजे सासू-सून," मी म्हटलं. महांतेश मशीन थांबवून हसला.

नीलाही हसली, पण लगेच म्हणाली, "दोघी पुऱ्या असतील तर हो, आत्ती."

अशी होती. जीभ माझ्यापेक्षा कमी नव्हती, फक्त मऊ होती.

त्या दिवशी ती नुकतीच माहेराहून आली होती. धाकट्या बहिणीचं ठरलं म्हणून चार दिवस गेली होती. पिशवी अजून सोप्यातच होती. पदराला हात पुसत आली, सरांना नमस्कार केला आणि पान बघितलं.

"हे माझ्या मागं झालं का?"

"जुळवणी तुझी," मी म्हटलं. "तू गेल्यावर सरांचं प्रूफ आलं. बारा ठिकाणी कॉमा वाढवलेले. ते बारा खिळे मी बसवले. कॉमाच्या खणातनं काढून बसवले. आता कॉमाच्या खणात सेमीकोलन कुणी सोडले, ते तू सांग. जायच्या आदल्या दिवशी मागचा धडा कुणी सोडला?"

"मी."

"मन बहिणीच्या शालूत असंल."

"दुसरं प्रूफ काढलं नव्हतं का, आत्ती?"

"बारा कॉमांसाठी दुसरं प्रूफ? चाळीस वर्षं व्हायला आली मला ह्या केसपुढं!"

नीला केसकडं गेली. कॉमाचा खण तिनं दगडावर पालथा केला. खिळ्यांचा लहानसा ढीग पडला. दोन बोटांनी ती भराभर वेगळे करायला लागली, तांदळातले खडे काढावेत तसे. एका बाजूला कॉमा, दुसऱ्या बाजूला सेमीकोलन. तो दुसरा ढीग वाढतच चालला. मध्येच तिचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. आजारी माणसाचा ताप बघावा तसं.

मला वाटलं, चोरी सापडली म्हणून बघतीय.

"असंल, आत्ती," ती म्हणाली. "माझ्याच हातनं झालं असंल. सर, माफ करा."

सर म्हणाले, "अहो, होतं असं. पण ह्याचं आता करायचं काय?"

आमच्या छापखान्यात त्याचा कायदा ठरलेला होता. मालकांनी घालून दिलेला. चूक छापून गेली तर शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायची. ज्याची चूक, त्यानंच ती जुळवायची, आणि चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं. गिऱ्हाइकाला त्या अक्षराचा अर्थ कळायचा नाही. आम्हाला कळायचा. देवळाच्या एका स्मरणिकेत मालकांनी स्वतःचं अक्षर ठेवलं होतं. मी म्हटलं होतं, तुम्ही मालक, तुम्हाला कोण विचारतंय? ते म्हणाले, खिळे विचारतात.

नीलानं त्याच संध्याकाळी चिठ्ठी जुळवली. पान, ओळ, अमुक आहे तिथं तमुक वाचा, अशा पाच ओळी. खाली उजव्या कोपऱ्यात इंग्रजी एन. जुळवलेल्या ओळींची चौकट दोरा गुंडाळून बाजूला ठेवली. चिठ्ठीला पाहिजे तसा कागद निपाणीहून यायचा होता, आणि ट्रेडलवर लग्नसराईची रांग होती. चिठ्ठी आठ दिवस थांबणार होती.

"झालं?" मी विचारलं. "मग आता स्टिक ठेव खाली. उद्यापासून केसजवळ यायचं नाही. घरात पुष्कळ कामं आहेत."

"अव्वा," महांतेश म्हणाला. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. "एका चुकीवर?"

"एका चुकीवर नाही. नेम नसलेल्या हातावर."

नीलानं स्टिक केसवर ठेवली. ओळ लावायची ती पितळी पट्टी, तिच्या अंगठ्यानं एका जागी उजळ झालेली. आत जाऊन तिनं पिशवी सोडली आणि बहिणीकडच्या करंज्या माझ्यापुढं आणून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी काम चोख केलं. महांतेशला शेजारी बसवून दोन्ही खण रिकामे केले, झटकले, आणि एकेक खिळा त्याच्याकडनं बघून घेऊन परत भरला. म्हटलं, सुनेची घाण एकदाची निघाली. आता हात फक्त माझा.

आठ दिवस मी एकटी जुळवत होते आणि एकटीच सोडत होते. खरेदी संघाचा इंग्रजी अहवाल होता, दोन फर्मे, म्हणजे सोळा पानं. पाठ दुखायची, पण बरं वाटायचं. नीला मधल्या दारातनं चहा आणून द्यायची आणि उंबऱ्यावरनंच परत जायची. एकदा मी सोडत बसले असताना ती तिथंच थांबली. माझ्या हातांकडं बघत होती.

"काय?"

"काही नाही, आत्ती. दिवा जवळ आणून देऊ का?"

"भर दुपारी? वेड लागलंय?"

नवव्या दिवशी अहवालाच्या शेवटच्या पानाचं प्रूफ महांतेशनं काढलं. लाल पेन्सील घेऊन दारात उभा राहिला. मी पुढची ओळ लावत होते. त्याची पेन्सील पुन्हा पुन्हा कागदावर खरखरत होती.

"काय झालं? वाचता येईना का?"

"अव्वा, कॉमाच्या जागी सेमीकोलन आहेत."

"किती?"

"सात. एके ठिकाणी कोलन आहे. आणि सीच्या जागी ई पडलेत."

मी ओळ खाली ठेवली. ह्या आठ दिवसांत त्या केसला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. खण धुवून घेतल्यासारखे स्वच्छ होते, मीच करून घेतलेले.

"तूच काहीतरी चुकीचं बघितलं असशील तेव्हा," मी म्हटलं.

त्यानं प्रूफ दगडावर ठेवलं, हळूच. "अव्वा, आता बोलू दे मला. वर्ष झालं. तुला टिंब लागत नाही बोटाला, आणि डोळ्याला पण दिसत नाही. तू सोडलेले खण नीला रोज निवडायची. पाचला उठून. तू आंघोळ करून पूजा उरकून यायच्या आत सगळे खण जागेवर. गेलं वर्षभर. चार दिवस माहेरी गेली, तेवढ्यात हे झालं."

"आणि तू गप्प बसलास?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, आत्तींच्या हातातलं तेवढं एक काढून घेऊ नका."

मी बोटं बघितली. काळी, गुळगुळीत, टोकाला कवडीसारखी टणक झालेली. कॉमाच्या खणातनं एक खिळा उचलून टोकावर फिरवला. काही लागलं नाही. दुसरा उचलला. त्याचंही काही लागलं नाही. तो कॉमा होता की सेमीकोलन, आजही सांगता येणार नाही.

दुपारी निपाणीचा कागद आला. महांतेशनं शुद्धिपत्राची चौकट दगडावर आणून दोरा सोडला. हातोडी आणि पाचरी शेजारी ठेवल्या आणि मशीन पुसायला गेला. मला कळलं, तो मला वेळ देतोय.

मी चिमट्यानं खालच्या कोपऱ्यातला एन उपसला. मोठ्या अक्षरांच्या केसमधनं इंग्रजी जी काढला. तेवढं अक्षर मोठं असतं, ते मला ओळखू येत होतं. गौरव्वाचा, माझ्या नावाचा जी. डाव्या मुठीत तो, उजव्या हातात चिमटा, चिमट्यात एन. कोपऱ्यात एका अक्षराची जागा रिकामी.

"काय गौराक्का, छापताय का आज?"

जोशीलकर सर पायरी चढून आत आले. सायकल भिंतीला लावली होती. माझ्या शेजारी येऊन चौकटीवर वाकले.

"वा. नीट जुळवलंय. आणि ही जागा कसली सोडलीय?"

"अक्षराची," मी म्हटलं.

"कसल्या?"

"आमच्यात असतं तसं. ज्याची चूक त्याचं अक्षर."

"अरे वा! हे मला ठाऊक नव्हतं." सर कौतुकानं हसले. "मोठं काम आहे हो. माणसं चूक छापायला तयार असतात, नाव छापायला नसतात. मग कुणाचं बसवताय?"

मशीनचा फडका थांबला होता. महांतेश माझ्याकडं बघत होता. मधल्या दारात नीला उभी होती, हातात दोन कप. सरांसाठी एक आणि माझ्यासाठी एक. चहाची वाफ मला दिसत नव्हती, पण ती आहे हे कळत होतं. तिच्या तोंडावर काय होतं, तेही दिसलं नाही. एवढ्या अंतरावरचं दिसायचं केव्हाच बंद झालं होतं.

एकच अक्षर बसवायचं होतं. तोंडानं बोलायची सुद्धा गरज नव्हती. पण सर उद्या शाळेत सांगणार, गौराक्कांची चूक. वकील ऐकणार. बाईमाणूस छापखाना काय चालवणार म्हणणारे अजून जिवंत होते, रोज समोरनं जायचे. तेवीस वर्षं मी त्यांच्यापुढं मान खाली घातली नव्हती.

"सुनेचं," मी म्हटलं. आणि एन परत बसवला.

पाचर ठोकताना हातोडीचे तीन घाव पडले.

नीला पुढं आली. "घ्या सर, चहा." एक कप त्यांच्या हातात दिला आणि दुसरा माझ्यापुढं, दगडाच्या कडेला ठेवला. चौकटीकडं तिनं एकदाच बघितलं. तिला उलटं अक्षर वाचायला वेळ लागत नव्हता. मग माझ्या डाव्या मुठीकडं बघितलं.

"सूनबाई, मनाला लावून घेऊ नका," सर म्हणाले.

"नाही सर," ती म्हणाली.

हजार चिठ्ठ्या आम्ही दोघींनी मिळून चिकटवल्या. खळीचं पातेलं मध्ये, तिच्याकडं चिठ्ठ्या, माझ्याकडं पुस्तकं. दोन दिवस लागले. मी म्हणत होते, आता बोलेल, भांडेल, पातेलं उलथं करेल. मीच ओरडले असते तिच्या जागी, गल्ली गोळा केली असती. ती एवढंच म्हणाली, "खळ पातळ झालीय, आत्ती. थोडं पीठ घालून आणते."

जूनमध्ये तिनं संकेश्वरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी धरली. वर्षभरानं महांतेशही तिकडं गेला. भांडून कुणी गेलं नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस नीलाच माझ्याजवळ होती. थेंब तिनं घातले, भाकरी तिनं मोडून भरवली. उगादीला यायची, बसवजयंतीला यायची, पाया पडायची. पण छापखान्याचा उंबरा तिनं पुन्हा ओलांडला नाही. मधल्या दारापर्यंत यायची, कप पुढं करायची, परत जायची.

एकदा, दहा-बारा वर्षांनी, ती शेंगा फोडत बसली होती. मी सगळं बळ एकवटून म्हटलं, "नीला, ते शुद्धिपत्र..."

"कुठलं, आत्ती?" ती हसून म्हणाली आणि सूप माझ्याकडं सरकवलं. "ह्यातल्या खवट तेवढ्या बाजूला काढा."

तिला काय आठवत नव्हतं? पण तिनं दार लावलं, आणि मला ते ढकलता आलं नाही.

पुढं खिळ्यांचे दिवस संपले. केस, ट्रेडल, सगळं शिसं भंगारवाल्यानं नेलं. मी तो जीचा खिळा तेवढा ठेवला होता, विभूतीच्या डबीत.

नीला पन्नाशी ओलांडून गेली. रक्ताचा काहीतरी आजार, चार महिन्यांचा. मी ऐंशीला टेकलेली, आणि ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. संकेश्वरला मळ्याच्या कडेला खड्डा घेतला होता. शाळेची पोरं-पोरी आल्या होत्या, तीस वर्षांतल्या. ओळ रस्त्यापर्यंत गेली होती. जोशीलकर सरही आले होते, काठी टेकत. माझ्याजवळ उभे राहिले.

"गौराक्का, काय बाई होती हो. पुढच्या सगळ्या आवृत्त्या मी तिच्याकडनंच तपासून घेतल्या. इतक्या वर्षांत एक चिन्ह इकडचं तिकडं झालं नाही. ते पहिलं शुद्धिपत्र सोडलं तर."

"ती चूक तिची नव्हती, सर," मी म्हटलं. "माझी होती."

मोठ्यानं म्हटलं. पोरी वळून बघायला लागल्या. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या, असू द्या. अशा वेळी माणूस सगळं स्वतःवरच घेतं."

"नाही सर. माझी होती."

"बरं," सर म्हणाले, लहान पोराला म्हणावं तसं. त्यांच्या मागं महांतेश उभा होता. त्यानं माझा दंड धरला आणि मला खड्ड्याच्या कडेला नेलं.

सगळे बेलाची पानं आणि विभूती टाकत होते. माझी डावी मूठ सकाळपासून मिटलेली होती. आता डोळ्यांना सगळं दिसत होतं. भस्म लावलेलं तिचं कपाळ, हातातलं इष्टलिंग, अंगठा. मी वाकले, तिच्या मांडीजवळ हात नेला आणि मूठ उघडली.

शिशाचा खिळा होता, म्हणून सरळ खाली गेला. वरनं महांतेशनं पहिली माती लोटली.